गोजिरा आणि आगगाडीतील संवाद

१९५४ च्या ‘गोजिरा’ या जपानी चित्रपटात जेमतेम अर्ध्या मिनिटाचे एक दृश्य आहे. टोकियोच्या लोकल गाडीत एक तरुणी आणि तिच्या ओळखीचे दोन पुरुष वर्तमानपत्रातील बातमीविषयी बोलत आहेत. समुद्रातून एक महाकाय प्राणी वर आला आहे आणि बोटी बुडवतो आहे, अशी ती बातमी. तरुणी वैतागून म्हणते की आधी किरणोत्सारी ट्यूना, मग किरणोत्सारी पाऊस आणि आता वर हा गोजिरा. तो टोकियोच्या उपसागरात शिरला तर काय करायचे? नागासाकीतून कसाबसा वाचवून आणलेला हा जीव आहे, असेही ती सांगते. आता आसरा शोधायला हवा, असा विषय निघतो तेव्हा एक पुरुष पुटपुटतो की पुन्हा ‘सोकाई’ नको वाटते. ‘सोकाई’ म्हणजे हवाई हल्ल्यांच्या भीतीने शहर सोडून खेड्यात आसऱ्याला जाणे. युद्धाच्या अखेरच्या काळात जपानी शहरांतील लाखो मुलांनी आणि कुटुंबांनी ती भोगली होती. एवढ्यावर दृश्य संपते. कथानकाच्या हिशेबाने पाहिले तर ते काढून टाकले तरी कुठेही काही अडत नाही.

विज्ञानपटांतील सामाजिक भाष्याविषयी बोलताना आपण बहुधा शेवटच्या प्रसंगातील उपदेशाकडे, राक्षसाच्या प्रतीकाकडे किंवा उद्ध्वस्त नगराच्या भव्य चित्राकडे बोट दाखवतो. माझे मत वेगळे आहे. अशा चित्रपटातील खरे भाष्य त्या अशक्य गोष्टीत नसते. त्या अशक्य गोष्टीचे स्वागत साधी माणसे कोणत्या शब्दांत करतात, आधीच्या कोणत्या भीतीच्या शेजारी तिला नेऊन बसवतात, यात ते असते. गाडीतील त्या तरुणीला गोजिराचे आश्चर्य वाटत नाही. तिच्या यादीत तो तिसऱ्या क्रमांकावर आहे, आणि त्याच्या आधीच्या दोन्ही गोष्टी प्रेक्षकांच्या घरात त्याच वर्षी घडून गेल्या होत्या.

हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली. १९९८ च्या मे महिन्यात, पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या त्या आठवड्यात, मी शाळकरी वयाचा होतो. सुट्टीचे दिवस होते आणि आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्याच महिन्यात अमेरिकेत हॉलीवूडचा ‘गॉडझिला’ (हे गोजिराच्याच नावाचे इंग्रजी रूप) प्रदर्शित झाला, आणि पुढे कधीतरी हिंदीत डब केलेला तो चित्रपट मी मित्रांबरोबर डोळे विस्फारून पाहिला. त्या चित्रपटाच्या आरंभी फ्रान्सने पॉलिनेशियात केलेल्या अणुचाचण्या दिसतात आणि त्यांच्या किरणोत्सारातून तो प्राणी जन्मतो. पेढ्यांचा आणि त्या प्राण्याचा काही संबंध असू शकतो, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. पुढे पुण्यात जपानी भाषा शिकलो, भाषांतराच्या कामासाठी दोन वर्षे टोकियोच्या एदोगावा भागात राहिलो, आणि तेथे एका रात्री मूळ ‘गोजिरा’ पहिल्यांदा पाहिला. ‘सोकाई’ हा शब्द कानावर पडला तेव्हा मी चित्रपट थांबवला, कारण तो शब्द मला ठाऊक होता तो युद्धाच्या आठवणींतून. राक्षसपटात तो भेटेल असे वाटले नव्हते.

त्या तरुणीची यादी समजून घ्यायची तर १ मार्च १९५४ या दिवसाकडे जावे लागते. त्या दिवशी अमेरिकेने प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी या प्रवाळद्वीपावर ‘कॅसल ब्राव्हो’ नावाची हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट सुमारे ६ मेगाटन क्षमतेचा होईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता; प्रत्यक्षात तो १५ मेगाटनांचा झाला, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट. बॉम्बमधील लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय राहील असे गृहीत धरले होते, तोही स्फोटात सामील झाला आणि हिशेब चुकला. प्रवाळाचा भुगा आकाशात उडाला, किरणोत्सारी झाला आणि वाऱ्याबरोबर दूरवर पसरला.

अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर त्या पहाटे ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही ट्यूना पकडणारी लाकडी नौका होती. नावाचा अर्थ ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पाच’. नौकेवर २३ खलाशी होते. त्यांना पहाटेच्या अंधारात पश्चिमेकडे सूर्य उगवल्यासारखा उजेड दिसला. काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. दूरवर सोडलेली दोरखंडे आणि गळ ओढून घ्यायला वेळ लागतो, आणि मच्छीमार आपले जाळे-गळ टाकून पळत नाही, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. राख केसांत अडकली, घामाने अंगाला चिकटली, तोंडात गेली. १४ मार्चला नौका शिझुओका प्रांतातील याइझू बंदरात परतली तेव्हा खलाशांची कातडी काळवंडली होती, अंगावर फोड होते आणि केस गळत होते. त्यांनी आणलेला मासा तोवर बाजारात गेला होता. १६ मार्चला बातमी फुटली आणि टोकियोच्या त्सुकिजी बाजारात ट्यूना, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा कुपा, कोणी घेईना. तपासणीचे यंत्र घेऊन माणसे माशांच्या रांगांतून फिरू लागली, दूषित मासा जमिनीत पुरण्यात आला. पुढील महिन्यांत आणखी शेकडो बोटींचा मासा किरणोत्सारी निघाला, आणि मे महिन्यात जपानवर पडलेल्या पावसातही किरणोत्सार सापडला. आगगाडीतील तरुणी ज्या ट्यूनाविषयी आणि पावसाविषयी बोलते, ते हे.

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी मार्चअखेर असे विधान केले की नौका धोक्याच्या हद्दीतच असली पाहिजे आणि खलाशांच्या जखमा किरणोत्सारामुळे नसून प्रवाळातील रासायनिक क्रियेमुळे झालेल्या असाव्यात. अशा वेळी राज्यसत्ता कोणत्या भाषेत बोलते, हे लक्षात राहावे म्हणून मी ते विधान येथे नोंदवतो आहे. चित्रपटात त्या भाषेची पुन्हा गाठ पडणार आहे. त्याच सुमारास, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा स्फोटांना निदान स्थगिती देणारा करार व्हावा असे आवाहन केले. अणुचाचण्या थांबवण्याची मागणी एखाद्या देशाच्या सरकारप्रमुखाने इतक्या स्पष्टपणे मांडण्याचा तो आरंभीचा प्रसंग होता, आणि त्यामागे याइझूच्या त्या २३ खलाशांची बातमी होती. जपानमध्ये टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी सह्यांची मोहीम हाती घेतली. ऑगस्ट १९५५ पर्यंत देशभरातून ३ कोटींहून अधिक सह्या जमल्या.

याच वसंतात तोहो या चित्रपटसंस्थेचे निर्माते तोमोयुकी तानाका यांची इंडोनेशियाबरोबर ठरलेली एक सहनिर्मिती फिसकटली. वर्षअखेरची जागा भरून काढणारा चित्रपट तातडीने हवा होता, आणि परतीच्या विमानप्रवासात समुद्राकडे पाहताना त्यांना अणुस्फोटाने जागा झालेल्या प्राण्याची कल्पना सुचली, अशी हकिगत सांगितली जाते. गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, हे दोन शब्द जोडून नाव तयार झाले: गोजिरा. मराठी कानाला हे नाव ऐकताच गोजिरे बाळ आठवते, आणि माझ्या घरी तर आईने नाव ऐकून प्रेमाने ‘कोणाचे बाळ?’ असेच विचारले होते. नावातला हा योगायोग पुढे एका अर्थाने खरा ठरायचा होता.

ज्या माणसांनी हा चित्रपट घडवला त्यांची चरित्रे पडद्यावरील प्रत्येक भिंतीत चिणलेली आहेत. दिग्दर्शक इशिरो होंडा यांची उमेदीची वर्षे सैन्यात गेली. चीनमध्ये युद्धकैदी म्हणून राहिल्यानंतर १९४६ मध्ये मायदेशी परतताना ते हिरोशिमातून गेले. दृश्यकरामतींचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांनी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा गौरव करणाऱ्या प्रचारपटासाठी, छोट्या प्रतिकृतींतून अमेरिकी युद्धनौकांचा विध्वंस उभा केला होता. त्यापायी युद्धानंतर अमेरिकी ताबेदारीच्या काळात त्यांना चित्रपटसृष्टीतून काही काळ दूर ठेवण्यात आले. बारा वर्षांनी त्याच हातांनी गिंझाचे रस्ते, संसदभवन आणि घड्याळाचा मनोरा लहान आकारात बांधले, आणि जाड, अवजड रबरी पोशाखातील हारुओ नाकाजिमा या नटाने ते तुडवले. एकदा शत्रूचे बंदर जाळून दाखवणारी कला या वेळी स्वतःचे शहर जाळते, आणि त्या जळण्यात विजयाचा लवलेश नाही. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांच्या आगबॉम्बनी टोकियोत सुमारे एक लाख माणसे मेली होती. चित्रपट आला ३ नोव्हेंबर १९५४ ला. थिएटरमध्ये बसलेल्या कित्येकांनी क्षितिजावरची ती लाल कड डोळ्यांनी पाहिलेली होती.

आणखी एक गोष्ट आपण सहज विसरतो. १९४५ पासून ताबेदारीच्या प्रशासनाने अणुबॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिण्यावर वर्षानुवर्षे बंधने घातली होती, आणि एप्रिल १९५२ मध्ये ताबेदारी संपल्यानंतरच हिरोशिमा-नागासाकीची छायाचित्रे जपानी मासिकांतून मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली. म्हणजे गोजिरा पाहायला गेलेल्या सुमारे ९६ लाख प्रेक्षकांपैकी बहुतेकांना आपल्याच देशावर काय झाले होते, हे चित्ररूपाने पाहून दोन-अडीच वर्षेच झाली होती. अशा समाजात सरळ शब्दांत बोलणे कठीण जाते. शोक नवा असतो आणि त्याला जागा सापडलेली नसते. राक्षसाच्या गोष्टीने ती जागा दिली. काही जपानी समीक्षकांनी त्या वेळी दुःखाचे भांडवल केल्याची टीका केली. ती टीका मला पटत नसली तरी तिच्यामागची दुखरी नस समजते.

चित्रपट सुरू होतो तो नौकेवर. खलाशी डेकवर विसावले आहेत, कोणी वाद्य छेडतो आहे, आणि समुद्रातून डोळे दिपवणारा प्रकाश फुटतो. नौका पेटते आणि बुडते. याइझूच्या नौकेचे नाव घेण्याची गरजच राहत नाही. पुढे ओदो नावाच्या काल्पनिक बेटावर प्राण्याचा माग काढणारे शास्त्रज्ञ विहिरींजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र धरतात आणि गावकऱ्यांना पाणी पिऊ नका म्हणून सांगतात. हे सगळे प्रेक्षकांनी आठ महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रांत वाचलेले होते.

मला स्वतःला मात्र सर्वांत महत्त्वाचे वाटते ते संसदेतील दृश्य. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. यामाने समितीपुढे सांगतात की हा प्राणी हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे समुद्रतळातून उठला आहे. एक सदस्य ताबडतोब उभा राहतो आणि ही माहिती गुप्त ठेवावी असे सुचवतो. ती जाहीर झाली तर आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील, अर्थकारण ढासळेल, लोकांत घबराट होईल. समोरच्या बाकांवरून महिला सदस्य संतापून उठतात आणि सत्य लोकांपुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरतात. गोंधळ होतो, हातवारे होतात, कामकाज कोलमडते. येथे प्राणी पडद्यावर नाही, धूर नाही, किंकाळ्या नाहीत. आहे तो एक जुनाच वाद: ज्यांच्या अंगावर राख पडली त्यांना ती कशाची होती हे सांगायचे की नाही. स्ट्रॉस यांच्या विधानाला उत्तर द्यायला जपानच्या सरकारजवळ त्या वर्षी धड शब्द नव्हते; चित्रपटाने ते त्या महिला सदस्यांच्या तोंडी दिले. सुगिनामीच्या गृहिणींची सह्यांची मोहीम तेव्हा चालूच होती, हे लक्षात घेतले म्हणजे बोलणाऱ्या स्त्रियाच का आहेत, याचेही उत्तर मिळते.

गोजिरा शहरात शिरतो तेव्हाही कॅमेरा अनेकदा खाली, माणसांकडे वळतो. एका इमारतीच्या कडेला एक आई मुलांना पोटाशी धरून बसली आहे आणि त्यांना सांगते आहे की थोड्याच वेळात आपण बाबांकडे जाणार आहोत. नऊ वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धाची ती विधवा आहे, हे कोणी सांगत नाही, पण कळते. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या ओसंडून वाहणाऱ्या दालनात एका लहान मुलाजवळ मोजणीचे यंत्र नेले जाते, ते टिकटिकते आणि डॉक्टर नुसती मान हलवतो. राक्षसपटाच्या नेहमीच्या रचनेत मारले गेलेले लोक मोजायचे नसतात. विध्वंस हाच खेळ असतो. होंडांनी दुसऱ्या दिवसाची सकाळ दाखवली, आणि माझ्या लेखी या एका निर्णयाने चित्रपटाची जात बदलली.

उत्तरार्धात डॉ. सेरिझावा हा युद्धात एक डोळा गमावलेला शास्त्रज्ञ पुढे येतो. त्याने पाण्यातील प्राणवायू नष्ट करून सजीवांचा क्षणात सांगाडा करणारे द्रव्य शोधले आहे. ते वापरले तर गोजिरा मरेल, पण एकदा जगाने ते पाहिले की राज्यकर्ते ते शस्त्र म्हणून मागतील, अणुबॉम्बपुढे अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्बपुढे हायड्रोजन बॉम्ब या मालिकेत आणखी एक भर पडेल, ही त्याची भीती आहे. दूरचित्रवाणीवर मुलींचे शांतिगीत ऐकून तो तयार होतो, आपली सारी टिपणे जाळतो, समुद्रतळाशी उतरतो, द्रव्य सोडतो आणि स्वतःची दोरी कापून घेतो. अमेरिकेत १९५४ च्या एप्रिल-मे महिन्यांत रॉबर्ट ओपेनहायमर यांची सुरक्षाविषयक चौकशी चालू होती आणि हायड्रोजन बॉम्बला त्यांनी केलेला विरोध हा तिच्यातील एक मुद्दा होता. शास्त्रज्ञाची सदसद्विवेकबुद्धी हा त्या वर्षीचा जिवंत प्रश्न होता, आणि अकिहिको हिराता या नटाने सेरिझावाच्या रूपाने तो इतक्या संयमाने उभा केला आहे की आजही त्या दृश्यापुढे मी गप्प होतो.

तरीही येथेच मला चित्रपट कमी पडतो असे वाटते. एका माणसाने कागद जाळले आणि स्वतः मेला, म्हणून ज्ञान मरत नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये सोव्हिएत संघानेही औष्णिक-आण्विक, म्हणजे हायड्रोजन बॉम्बच्या प्रकारची, चाचणी केली होती. दोन देशांतील हजारो माणसे, प्रयोगशाळा, अंदाजपत्रके आणि समित्या त्या कामाला जुंपलेल्या होत्या. संसदेच्या दृश्यात ज्या चित्रपटाने दोष संस्थांच्या दारात नेऊन ठेवला, त्याने शेवटी त्याची फेड एका एकाकी शास्त्रज्ञाच्या प्राणांनी करून घेतली. आत्मबलिदानाच्या त्या कल्पनेला जपानी युद्धकाळाचा वासही आहे, आणि होंडांसारख्या माणसाला तो जाणवला नसेल असे मला वाटत नाही.

त्याहून मोठी उणीव वेगळी आहे. बॉम्ब कोणाचा, हे चित्रपटात कोणीही उच्चारत नाही. त्या काळच्या अडचणी पाहता ते समजण्यासारखे आहे. पण बॉम्ब कोणाच्या घरावर फुटला, हेही कोणी उच्चारत नाही. ब्राव्होची राख मार्शल बेटांतील रोंगेलाप येथील माणसांवर पडली. मुलांनी त्या पांढऱ्या भुकटीत खेळ मांडला होता. त्यांना तेथून हलवायला दोन दिवस लागले, तीन वर्षांनी परत आणून वसवण्यात आले, आणि १९८५ मध्ये त्यांना स्वतःच पुन्हा आपले बेट सोडावे लागले. चित्रपटात एक बेट आहे, त्यावर जुन्या समजुती जपणारे गावकरी आहेत, पण ते जपानचे बेट आहे. समुद्र जणू रिकामाच होता आणि त्यातून फक्त प्राणी उठला. स्वतःच्या जखमेविषयी इतक्या खरेपणाने बोलणाऱ्या कलाकृतीलाही शेजारची जखम दिसू नये, याचे मला दर वेळी वाईट वाटते. आणखी एक गोष्ट जपानमधल्या जपानमध्येच घडत होती: त्याच मार्चच्या आरंभी, नौका अजून बंदराला लागायची होती तेव्हा, जपानच्या संसदेत अणुऊर्जा संशोधनासाठी २३ कोटी ५० लाख येनची पहिली तरतूद पुढे आली होती. २३५ दशलक्षांच्या त्या आकड्यामागे अणुइंधनातले युरेनियम-२३५ होते. या दुसऱ्या गोष्टीकडे गोजिराला खऱ्या अर्थाने वळायला साठ वर्षे लागली.

त्याआधी कात्रीची हकिगत सांगितली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. १९५६ मध्ये अमेरिकी वितरकांनी हा चित्रपट ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ या नावाने आणला. मूळचा चित्रपट ९६ मिनिटांचा. ही आवृत्ती सुमारे ८० मिनिटांची, आणि तिच्यातही रेमंड बर या नटाला अमेरिकी वार्ताहराच्या भूमिकेत घेऊन नव्याने चित्रित केलेला बराच भाग घातलेला. जपानबाहेरच्या प्रेक्षकांनी कित्येक दशके मुख्यतः हीच आवृत्ती पाहिली. अमेरिकेतील चित्रपटगृहांत मूळ चित्रपट व्यापकपणे लागायला २००४ साल उजाडले. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे प्राणी जागा झाला, हे वाक्य या आवृत्तीत शिल्लक आहे. प्राणी शिल्लक आहे, आग शिल्लक आहे, सेरिझावाचे मरणही शिल्लक आहे. गेले काय? आगगाडीतील संभाषण गेले. संसदेतील वादावादी गेली. आणि डॉ. यामाने यांचे शेवटचे वाक्य गेले.

म्हणजे संकलकाने प्रतीकाला हात लावला नाही, कारण प्रतीक कोणालाच बोचत नव्हते. बॉम्बमुळे राक्षस जन्मला, हे वाक्य ऐकून ओहायोतील प्रेक्षक अस्वस्थ होणार नव्हता. ती एक गोष्ट होती. अस्वस्थ करणार होती ती नागासाकीहून वाचलेली एक मुलगी, जी कामावर जाता-येता माशांच्या आणि पावसाच्या भीतीविषयी सहज बोलून जाते. राक्षस सगळ्या जगाचा होऊ शकतो, पण ती मुलगी एका विशिष्ट शहरातील, विशिष्ट वर्षातील आहे आणि तिच्या भीतीला कोणीतरी विशिष्ट जबाबदार आहे. कापणाऱ्याच्या मनात दर वेळी हा विचार होता असे मी म्हणत नाही. लांबी कमी करायची होती, अमेरिकी नट घालायचा होता, आणि कथानक न अडवणारी दृश्ये आधी जातात. पण नेमके भाष्यच ‘कथानकाला अनावश्यक’ ठरले, ही गोष्ट उरतेच. १९९८ मध्ये तर दोषच फ्रान्सच्या पदरात घालून हॉलीवूडने हिशेब मिटवला, आणि मी तो हिशेब टाळ्या वाजवून मान्य केला होता.

जपानमध्येही गोजिराचे पुढे बरेच काही झाले. साठच्या दशकात तो मुलांचा लाडका झाला, इतर राक्षसांशी कुस्त्या खेळू लागला, आणि मराठी अर्थानेही गोजिरा ठरला. त्या काळातील बहुतेक चित्रपटांविषयी मला फारसे सांगण्यासारखे वाटत नाही. अपवाद १९७१ मधील हेडोराच्या चित्रपटाचा. ‘हेदोरो’ म्हणजे गाळ, आणि तो राक्षस सुरुगा उपसागरातील गाळातून जन्मतो. त्याच उपसागराकाठच्या तागोनोउरा बंदरात कागदगिरण्यांच्या गाळाचे थर साचले होते आणि त्यावरून १९७० च्या सुमारास मोठे रान उठले होते. नावासकट राक्षस बातमीतून उचललेला होता. याइझूही सुरुगा उपसागरावरच आहे.

मग ११ मार्च २०११ ला भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्राची दुर्घटना झाली, आणि २०१६ मध्ये हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांचा ‘शिन गोजिरा’ आला. त्यात राक्षस थोडा वेळ दिसतो आणि बैठका पुष्कळ वेळ दिसतात. मंत्री, सचिव, तज्ज्ञ एका दालनातून दुसऱ्या दालनात जातात, समितीचे लांबलचक नाव बदलून आणखी लांब होते, अधिकार कोणाचा यावर खल चालतो, आणि पंतप्रधान एखादी गोष्ट होणार नाही असे जाहीर करतात तोवर ती घडलेली असते. हा चित्रपट मी टोकियोत जपानी सहकाऱ्यांबरोबर पाहिला. बाहेर आल्यावर त्यांच्यापैकी कोणीही प्राण्याविषयी बोलले नाही; २०११ च्या त्या आठवड्यात आपण काय ऐकत होतो, कोणत्या पत्रकार परिषदेत कोण काय म्हणाले होते, यावर ते स्टेशनपर्यंत बोलत राहिले. शेवटी गोजिराला थंड करून गोठवायचे द्रव्य लांब नळ्यांच्या काँक्रीट-पंप गाड्यांतून त्याच्या तोंडात ओतले जाते. फुकुशिमात इंधनाच्या कुंडांवर पाणी टाकायला तशाच गाड्या आणल्या होत्या. गोठलेला प्राणी मरत नाही. टोकियोच्या मधोमध तसाच उभा राहतो आणि शहराला त्याच्यासोबत जगावे लागते.

टोकियोत असताना एका रविवारी मी यूमेनोशिमाला गेलो होतो. ही कचऱ्याच्या भरावातून तयार झालेली जागा आहे. १९५४ नंतर दाइगो फुकुर्यू मारू सरकारने विकत घेतली, शुद्ध करून तिचे नाव बदलले आणि मत्स्यविद्येच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाला वापरली. १९६७ मध्ये ती भंगारात निघाली आणि या कचऱ्याच्या काठाशी बेवारस पडली. १९६८ मध्ये एका तरुणाने वर्तमानपत्राला पत्र लिहून तिला अशी बुडू द्यायची का असे विचारले, लोक पुढे आले, आणि १९७६ मध्ये तिच्याभोवती प्रदर्शनगृह उभे राहिले. आत शिरले की सुमारे तीस मीटर लांबीची ती लाकडी नौका एकदम अंगावर येते. एवढ्याशा जागेत एवढी मोठी, आणि महासागराच्या मानाने किती लहान.

बाहेर एक दगड आहे. नौकेचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा वयाच्या चाळिसाव्या वर्षी, २३ सप्टेंबर १९५४ रोजी, रुग्णालयात वारले, आणि त्यांचे म्हणून ओळखले जाणारे वाक्य त्या दगडावर कोरले आहे: अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्बचा बळी म्हणून मी शेवटचा ठरावा. ‘साइगो’, शेवटचा, हा शब्द वाचताना मला डॉ. यामाने आठवले, कारण त्यांच्याही वाक्यात तोच शब्द आहे. कुबोयामा गेल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत प्रदर्शित झालेल्या चित्रपटाच्या अखेरीस, गोजिरा मेल्यावर बोटीवर सगळे आनंद करत असताना, ते वृद्ध प्राध्यापक स्वतःशीच म्हणतात की हा गोजिरा शेवटचा असेल असे आपल्याला वाटत नाही. चाचण्या चालूच राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा उठेल. अमेरिकी आवृत्तीत त्या जागी वार्ताहराचा आवाज येतो आणि धोका टळला, जग पुन्हा जगू शकते, असे सांगतो.